मामांचा वकील

परराज्यांशी कसे वागावे हे आमच्या मामांइतके कळणारा माणूस त्या काळी लंडनच्या दरबारातही नसेल. आणि मामा तर आमचे अकोटजवळचे गाव सोडून अमरावतीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. दोन राज्यांनी समोरासमोर बोलून बिघडवू नये, मध्ये वकील पाठवावा, असे त्यांचे मत. म्हणून ओसरीवर जेवायला बसले की ते मला वकील करून स्वयंपाकघरात धाडत. "जाय, सांग, वरणात मीठ नाही, पन दोस्ती कायम आहे." मामी आतून म्हणत, "त्याइले म्हन, मीठ अठीच आहे, सोता येऊन घ्या!" मग माझी उलटतपासणी. "बोलताना तिचा हात काय करून राहिला होता?" राजा काय बोलतो ते ऐकावे, पण काय करतो ते पाहावे, हे त्यांचे दुसरे मत. तिसरा मात्र नियमच होता: निरोप ज्याचा, त्याच्याच नावाने सांगायचा आणि परत येऊन तसे कळवायचे.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. इंग्रज आता वऱ्हाड सोडत नाही, म्हणून गाव वावरभर कपाशीच पेरायला निघाले. मामा तेवढे अमरावतीचा बाजार पाहून वेगळेच मत घेऊन परतले.

"कापूसवाला साहेब दोन वर्षं तंबूतच राहून राहिला, भाच्या. राहाचं असतं त घर बांधलं असतं. तिकडचं भांडन मिटलं का हा चालला. चावडीवर सांग, अर्ध्या वावरात जवारी पेरा."

मी गेलो. पण मिठाचा तह साऱ्या गावाला ठाऊक. मामांचे नाव घेतले असते तर चावडी हसली असती. मी चार बुके शिकलेला. ते सारे माझेच म्हणून सांगितले. लोकांनी ऐकले.

लढाई संपली, कापूस कोसळला. शेजारची गावे धान्यासाठी वणवण फिरली. आमच्या कणग्या भरलेल्या होत्या. गावाने मला चावडीवर पागोटे दिले आणि ते बांधायला वडीलधारे म्हणून मामांनाच बोलावले. शेवटचा पीळ देताना ते हळूच म्हणाले, "निरोप पोचला ना? मंग झालं."

त्यानंतर त्यांनी मला कधी वकील केले नाही. मीठ हवे असले की स्वतः उठून आत जात. मामींना त्याचे फार नवल वाटे. मला वाटले नाही.

आता मामा नाहीत, मामी नाहीत, ते पागोटेही विरले. परत येऊन कळवायचे तेवढे राहून गेले होते. मामाजी, निरोप पोचला होता. पन तुमचं नाव म्या सांगितलं नव्हतं. ते आज सांगून राहिलो.