दोन्ही ठेवा, मावशी

पाणी सीटपर्यंत चढलं होतं. माझा मुलगा नितीन खिडकीतून टपावर गेला. तो वरून मला ओढत होता, मास्तर आतून ढकलत होते. मी बाहेर निघाले आणि गाडी कलंडली. मास्तर आतच राहिले.

मास्तर म्हणजे इकडे परदेशात, चँडलर गावातले आमचे शेजारी. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी. "आमचे पूर्वज तेली, मावशी. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली," असं पहिल्याच भेटीत सांगून मोकळे झाले. विद्यापीठात ते यहुद्यांच्या जुन्या पोथ्या शिकवायचे. मी चौथी शिकलेली. तरी माझ्यासमोर भाजी निवडायला बसायचे आणि मलाही शिकवायचे.

एकदा म्हणाले, "दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं. जुन्या पोथीत सगळं आहे. पुढं कित्येक पिढ्यांनी कुणीतरी तोच इतिहास पुन्हा लिहिला, त्यात हे गाळलं."

"मग जुनी जाळली का नाही?"

"तेच तर! लाज वाटली तरी दोन्ही एकाच ग्रंथात ठेवल्या."

"पानं टाकून देठं ठेवताय," मी म्हटलं. "मेथीकडे बघा."

कुणी किस्सा सांगितला की ते मध्येच म्हणत, "गेल्या वेळी असं नव्हतं." नितीन वैतागायचा. "यार मास्तर, तुमच्यासमोर गप्पा मारायची चोरी!" मास्तर हसायचे. "गोष्ट फार गुळगुळीत झाली की समजावं, कुणाचा तरी हात फिरलाय. आमच्या पोथ्यांवर किती हात फिरले! कुणी जोडलं, कुणी गाळलं. सांधे दिसतात."

ते गेल्यावर आमच्याच हॉलमध्ये सांधे दिसायला लागले. आधी भेटायला आलेले लोक म्हणाले, अचानक पाणी आलं. मग म्हणाले, बॅरिकेड दिसलंच नाही. शेवटी नितीनचा एक मित्र सांगू लागला, मास्तरांना शनिवार लागायच्या आत शुक्रवारचा दिवा लावायला घरी पोचायचं होतं, तेच म्हणाले, घाल गाडी. नितीन शेजारीच उभा होता. गप्प.

मास्तरांची मुलगी रिबेका फ्रीमाँटहून आली होती. तिच्याही कानावर हे गेलं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, बाबांनीच इन्सिस्ट केलं ना?" रडून तिचा चेहरा सुजला होता.

"तो गुरुवार होता," मी म्हटलं. "डोंगरात पाऊस झाला होता, कोरड्या ओढ्याला लोंढा आलेला. रस्त्यावर बॅरिकेड होतं, आम्हा तिघांनाही दिसलं. तुझे बाबा म्हणाले, वळव रे. नितीननं बाजूनं गाडी घातली."

"आई!" नितीन ओरडला.

"मला ओढून बाहेर काढलं तेही नितीननंच," मी रिबेकाला म्हटलं. "दोन्ही ठेव."

मास्तरांचा चष्मा आमच्या टेबलावर राहिला होता, तेवढा उचलून ती गेली.

नितीन तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. लोक म्हणतात, म्हातारीला पोटच्या पोराची दया नाही. म्हणोत.

गाडीत आम्ही तिघं होतो. मी आणि नितीन जगलो.