गजभिये काकांनी निकाली काढलेल्या फाइली

स्क्रिप्ट तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मिश्रा मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. गढा या वस्तीतल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीच्या त्या प्रमुख डॉक्टर. नवं व्हर्जन टाकायचं म्हणून मी सकाळी त्यांचं सॉफ्टवेअर बंद केलं होतं. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात शेजारच्या हॉस्पिटलातून फोन आला. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ग्रुप ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये एकच पिशवी होती, ती पुरणार नव्हती, आणि रक्तदात्यांचे नंबर माझ्या बंद सर्व्हरमध्ये.

"कितना टाइम, दीदी?"

"पता नहीं, मैडम," मी खरं ते सांगितलं.

इन्स्टॉल स्क्रिप्ट म्हणजे कामांची यादी. मशीन ती वरून खाली करत जातं. सर्व्हरवरची लिनक्स सिस्टिम कोणत्या आवृत्तीची, डेटाबेस कुठल्या पत्त्यावर, हे ती सिस्टिमच्या छोट्या फाइलींतून वाचते. एक सापडली नाही की जागीच बसते. पहिली मी माझ्या लॅपटॉपवरून कॉपी केली, तर तिला दुसरी सापडेना. दुसरी दिली, तर तिसरी. एकूण किती गायब, हे बया आधी सांगत नाही. सर्व्हर पुसून नव्याने बसवायचा तर दिवस गेला असता.

भोपाळला आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला. "कुणी हात लावला होता का?"

"बघून राहिली, सर."

रेकॉर्ड सांभाळणारे गजभिये काका दारात उभे होते. "काय झालं, पोरी?"

"सिस्टिमच्या फाइली गायब आहेत, काका."

त्यांचा चेहरा उतरला. "त्या मी काढल्या."

काकांची उभी नोकरी सरकारी कचेरीत गेली. तिथे जुनं रेकॉर्ड दरवर्षी छाटतात. मुदतीत कुणी हात न लावलेला कागद निकाली. मागच्या महिन्यात डिस्क भरत आली, तर त्यांनी इथेही तेच केलं. चालू सॉफ्टवेअरने त्या फाइली सुरू होतानाच वाचलेल्या, म्हणून तेव्हा काही बिघडलं नाही. आणि रूट पासवर्ड, म्हणजे वाट्टेल ते पुसण्याचा अधिकार? तो बॅकअपसाठी मीच त्यांना चिठ्ठीवर लिहून दिला होता.

"पण नोंद हाये माझ्यापाशी," काका म्हणाले.

नोंद केल्याशिवाय काही फाडायचं नाही, हाही कचेरीचाच नियम. त्यांनी रजिस्टर आणलं. अकरा नावं, प्रत्येकीपुढे तारीख आणि सही. दहा फाइली लॅपटॉपवर जशाच्या तशा मिळाल्या. डेटाबेसच्या पत्त्याची मात्र फक्त याच सर्व्हरवर होती. चार ओळींची ती फाइल काकांनी 'संदर्भासाठी' हाताने उतरवून ठेवली होती!

ते वाचत गेले, मी टाइप करत गेले.

"थांब, पत्त्यातला एक पॉइंट सुटला तुझा." खरंच सुटला होता.

स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली. मॅडमनी दात्यांना चार फोन केले. कमानिया गेटच्या बाजारातले एक भांडीवाले दुकानातलं गिऱ्हाईक सोडून रक्त द्यायला आले. तपासण्या होऊन दुपारी त्यांची पिशवी गेली, आणि ती बाई वाचली.

पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला. मशीन बिघडलं की 'मी तर हातच नाही लावला' हे मी नोकरीभर ऐकत आलेय. 'मी काढल्या' असं आपणहून सांगणारा माणूस पहिल्यांदा भेटला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

निघताना रिपोर्ट लिहीत होते, तर काका शेजारी येऊन बसले.

"माझं नाव टाकलं ना त्याच्यात? खरं ते लिही, बेटा."

"टाकलं, काका. चूक कुणाची, तिथे माझं. दुरुस्ती कुणी केली, तिथे तुमचं."