कमरेला बांधलेला पतंग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. नांदगावच्या बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. वडील गेल्यावर त्यांनीच मला नाशिकला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पण त्याच्याही आधी त्यांनी मला पतंग उडवायला शिकवलं. संक्रांतीला दुकानाच्या गच्चीवर ते माझ्यामागे आसारी, म्हणजे मांजाची मोठी फिरकी, धरून उभे राहायचे आणि ओरडायचे, "भाच्या, बोट कापलं तरी चालंल, मांजा सोडायचा नाय!"

नाशिकच्या एका पर्यटन कंपनीत लागलो. पहिल्यांदाच वीस पाहुणे घेऊन मला एका बेटावरच्या रिसॉर्टला पाठवलं. मालकांचा नियम असा, की पाण्यातला कुठलाही खेळ पाहुण्यांआधी आपण करून बघायचा. तिथे काइटबोर्डिंग होतं. खोलीएवढा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, त्याची दांडी हातात धरायची आणि फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापायचं.

शिकवणारा मालवणकडचा निघाला. "दांडी ओढलीस की जोर वाढतो, सोडलीस की कमी होतो. घाबरलास तर सोड. बाकी सगळं विसरलास तरी चालेल."

"आम्ही नांदगावचे," मी म्हणालो. "पतंग आम्हाला नका शिकवू."

किनाऱ्यावर आमच्या पाहुण्यांतले एक काका हसत ओरडले, "आता बघतोच हां, नांदगावकर!"

फळी नंतर, आधी नुसता पतंग सांभाळ, असं त्याने सांगितलं. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. अचानक वारा वाढला आणि पाय तळापासून सुटले. मी दांडी छातीशी ओढली. पतंगाने मला पाण्यावरून फरफटत नेलं. समोर काळे खडक होते. नाकातोंडात खारं पाणी गेलं. मी आणखी ओढली, तो आणखी वेगाने निघाला.

"सोड रे मेल्या, सोड!"

शिकवणाऱ्याचं ओरडणं ऐकू येत होतं, कळतही होतं. बोटं उघडत नव्हती. खडकांवरचे शिंपले दिसू लागले. गुडघा कशाला तरी घासला.

"अरे, पतंग जाणार नाही! तुझ्या कमरेलाच बांधलाय तो!"

हे ऐकलं आणि दोन्ही हात उघडले. दांडी पुढे सरकली, पतंग ढिला पडून पाण्यावर आपटला. मी उभा राहिलो तेव्हा पहिला खडक माझ्या हाताला लागत होता. काका आता हसत नव्हते.

खोलीवर आल्यावर गुडघा धुतला. मामांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं:

"ती. मामांस, सा. न.

आज समुद्रात पतंग धरला होता. तुमचं ऐकून मांजा सोडला नाही, म्हणून जीव जायची वेळ आली. दुसऱ्या एकाचं ऐकून सोडला, म्हणून हे लिहितो आहे. चूक तुमची नाही. त्याने मला आधीच सांगितलं होतं, मीच शहाणपणा केला. आईला यातलं काही सांगू नका. गुडघा खरचटला आहे, बाकी ठीक.

संक्रांतीला येतो. यंदा मांजा तुम्ही धरा, आसारी माझ्या हातात द्या."