आपोआप काही पडत नाही

ताईचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. "वंदू, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. आणि मी, तिची सख्खी धाकटी बहीण, काय म्हणाले असेन? "नक्की ना?" लोक नावं ठेवतील, खुशाल ठेवोत. आमच्या भावोजींना जो ओळखत होता त्याने हेच विचारलं असतं. या माणसाने मागे एकदा आजारपणाचं सोंग करून चांगलं आठवडाभर अंथरूण धरलं होतं. कशासाठी, तर कोण कोण बघायला येतं आणि आल्यावर घरात काय काय निरखतं ते कळावं म्हणून! मी मोसंबी घेऊन गेले होते. त्यांनी पांघरुणातून एक डोळा उघडून आधी मोसंबी बघितली, मग मला बघितलं, आणि विचारलं, "एवढी कशाला आणलीस? काय काम होतं?" त्यामुळे डहाणू रोडहून आशागडला रिक्षाने जाताना मला सारखं वाटत होतं की हे ओटीवर बसलेले असतील आणि कोण किती रडतंय ते मोजत असतील. तसं नव्हतं. सकाळचा चहा घेऊन बसल्या जागी कलंडले होते. कप तसाच शेजारी होता... या वेळी खरंच गेले होते.

हरेश्वर भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांची माझी पहिली गाठ लग्नाच्या मांडवातली. नवरदेवाच्या चपला पळवायचा मान मेहुणीचा. मी केवढ्या हौसेने चपला उचलून आमच्या मामीच्या पिशवीत लपवल्या आणि सोडवणुकीला काय मागायचं ते ठरवत बसले. हे शांतपणे उठले, आपल्या पिशवीतून नव्याकोऱ्या चपला काढल्या, घातल्या आणि चालायला लागले. मी पळवल्या त्या टाकून द्यायच्या लायकीच्या, अंगठा तुटलेल्या! "मला माहीत होतं कोणीतरी हात मारणार," म्हणाले. मांडव हसला, मी रडले. तेव्हापासून आमचं हे असंच चालू होतं. त्यांच्या घरी विळी जागची हलली तरी ते विचारायचे, "कोणी हलवली?" आणि कोणीच नाही म्हटलं की ठरलेलं वाक्य यायचं, "आपोआप काही होत नाही." घड्याळ दुरुस्तीला दिलं तर घड्याळवाल्यासमोर स्टूल टाकून शेवटपर्यंत बसायचे. मी शिवलेल्या सदऱ्याची शिवण उलटी करून बघायचे, आणि चांगली निघाली की त्यांचा चेहरा पडायचा.

नोकरी फुग्यांच्या कारखान्यात. फुग्याच्या आकाराचे साचे ओळीने रंगीत रबराच्या चिकात बुडवायचे, वाळवायचे, फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पांढरी पावडर लावायची, मग उतरवायचे. आयुष्यभर हेच. संध्याकाळी घरी आले की मागच्या खोलीत खुडबूड. हँगरचं वेड मात्र त्यांना माझ्या दुकानामुळे लागलं. माझं शिवणकाम आणि इस्त्रीचं दुकान, कपडे टांगायला बाजारातले क्लिपवाले हँगर. आमच्याकडची खारी हवा तुम्हाला सांगायला नको, एक पावसाळा गेला की स्प्रिंग गंजली. बोर्डीच्या एका गुरुजींच्या पांढऱ्या पँटवर कमरेशी दोन तांबडे डाग पडले आणि त्यांनी भर दुकानात माझी शाळा घेतली. भावोजी तिथेच बसले होते. त्यांनी ती क्लिप काढून स्वतःच्या बोटाला लावली, बराच वेळ तशीच ठेवली, मग बोटावरचा वळ मला दाखवला. "ही पकडत नाही गं, चावते. कपड्याचा विश्वास नाही हिच्यावर." विश्वासाची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकून मला हसू फुटलं, पण ते गंभीर होते.

मग दोन-तीन वर्षं दुसरं काही नाही. रेशमी साडीला वळ पडला नाही पाहिजे आणि भिजलेल्या जीन्सचं वजनही सुटलं नाही पाहिजे, हा हट्ट. बाजारातली क्लिप फक्त टोकाशी मिटते, म्हणून रुतते. यांनी जबडे असे बनवून घेतले की मध्ये कापड आलं की दोन्ही बाजू सपाट बसाव्यात. स्प्रिंग आत झाकून टाकली, हवा लागूच नये म्हणून. क्लिपा दांडीवर सरकत्या केल्या, लहान पोराच्या चड्डीपासून माझ्या परकरापर्यंत काहीही बसावं. "तुझ्या परकरापर्यंत" हे त्यांचेच शब्द, वर माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. आणि शेवटी खरी युक्ती : जबड्यांची तोंडं फुग्याच्या चिकात बुडवली. स्प्रिंग मुद्दाम हलकी ठेवली, पकडायचं काम सगळं रबरावर सोपवलं. लाल, पिवळी, पोपटी, ज्या दिवशी जो रंग मिळेल तो. माझा लग्नातला शालू चाचणीला त्यांनी मागून नेला. तो परत आणला तेव्हा त्याच्यावर एक सुरकुती नव्हती. मी तोंडभरून कौतुक केलं. "हळू बोल," म्हणाले, "शेजारी ऐकतील."

एक अख्खा पावसाळा त्या क्लिपा माझ्या दुकानात राहिल्या. गिऱ्हाइकांचे कपडे त्यांनाच लावायचे. एकही पडला नाही, एकावरही डाग नाही. तेव्हा कुठे भावोजी तलासरीच्या प्रवीणभाईंना दाखवायला तयार झाले. प्रवीणभाईंचं तयार कपड्यांचं मोठं दुकान, इकडे-तिकडे, पार गुजरातेत माल जायचा. त्यांना पसंत पडलं असतं तर हँगर बाजारात आला असता. दाखवायच्या आधी भावोजींनी त्यांतल्या काही क्लिपा घरी नेऊन त्यांना रबराचा ताजा थर दिला आणि आदल्या संध्याकाळी पिशवी माझ्या दुकानात आणून ठेवली. मी एक हातात घेतली. "अय्या, किती गुळगुळीत झाल्यात!" मी म्हटलं. ते खूश झाले. मी कुलूप लावलं, चावी कनवटीला खोचली, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी प्रवीणभाई आले. भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी एक पँट लावली, एक साडी, एक परकर, आणि रुबाबात म्हणाले, "वंदना, पंखा लाव." मी पंखा लावला. आधी साडी सुळकन खाली आली. मग पँट. मग परकर तर पंख्याने उडून थेट प्रवीणभाईंच्या पायावर. "अरे, आ तो बधुं नीचे आवे छे!" प्रवीणभाई हसायलाच लागले. भावोजींनी परत लावले, परत पडले. प्रवीणभाई माणूस वाईट नव्हता, चहा पिऊन गेला. पण पुन्हा काही आला नाही. भावोजी खाली बसून एक-एक कपडा उचलत होते. मला भडभडून आलं. मी म्हटलं, "राहू द्या भावोजी, काहीतरी झालं असेल आपोआप." त्यांनी मान वर केली. "आपोआप काही पडत नाही," ते म्हणाले. "रात्री चावी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"हां."

त्या एका 'हां'ने माझ्या जिवाचा जो भडका उडाला, तो आजही पुरता विझलेला नाही. "सरळ बोला ना, काय ते!" मी ओरडले. "मी कुठे काय बोललो?" म्हणत ते पिशवी उचलून निघून गेले.

बोलले नाहीतच. पण आमच्याकडे न बोललेली गोष्ट आधी पोचते. आमच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं, बायका पाळण्याभोवती, आणि ताईच्या एक चुलत सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वंदनाने क्लिपा ढिल्या केल्या म्हणे. व्यापाऱ्याशी आतून बोलणं झालं असेल." घुगऱ्यांचं ताट माझ्या हातात होतं. मी भावोजींकडे बघितलं. ते समोर खुर्चीवर बसले होते, त्यांनी ऐकलं होतं. मला त्यांच्याकडून एकच वाक्य पाहिजे होतं, "वंदू, तू नव्हतीस." तेवढं म्हणाले असते तर मी त्यांच्या सगळ्या खोड्या माफ केल्या असत्या. ते खिडकीबाहेर बघत बसले.

पुढे मलाही वाटायला लागलं, यांनीच तर मुद्दाम केलं नसेल? हँगर बाजारात गेला की दहा जण नक्कल करणार, या भीतीने? या माणसाचं काही सांगता येत नव्हतं. मी त्यांच्यावर डोळा ठेवायला लागले. ते माझ्यावर ठेवूनच होते, असं मी धरून चालले. कारण ते दुकानात यायचे थांबले नाहीत. डहाणूला बाजाराला आले की यायचेच. खुर्चीवर बसायचे, पाणी मागायचे नाहीत, स्वतः उठून माठापाशी जायचे, खिशातला रुमाल ओला करायचे आणि माझ्याकडे राहिलेल्या त्यांच्याच जुन्या हँगरांच्या रबरी क्लिपांची तोंडं एक-एक करून पुसायचे. मी मशीनवरून बघत राहायचे. पुरावा शोधतायत, असंच मला वाटायचं. एकदा न राहवून विचारलं, "काय सापडलं का?" रुमाल पिळत म्हणाले, "नाही. तू शिव." आणखी काहीतरी बोलणार होते बहुतेक. ओठ हलले, मग म्हणाले, "येतो..." आणि गेले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, रुमाल आणि माठ. गिऱ्हाइकं मला विचारायची, हे काका कामाला आहेत का तुमच्याकडे. मी म्हणायचे, "नाही, पोलीस आहेत."

दिवसकार्य झाल्यावर मी ताईसोबत त्यांचे कपडे आवरायला बसले. मागच्या खोलीत, जिथे मला एवढी वर्षं पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यांची कारखान्याची निळी पँट हँगरला होती. पिवळी क्लिप एक, पोपटी एक. मी पँट काढली, धुतली. ताईने ती वाळल्यावर परत लावायला घेतली, आणि लावण्याआधी पदराचं टोक ओलं करून क्लिपांची तोंडं पुसली. अगदी तसंच. "हे काय गं करतेस?" मी विचारलं.

"पुसायला लागतं. यांच्या हाताला पावडरची सवय ना." तिने खिळ्याला टांगलेली एक पुरचुंडी दाखवली, पांढऱ्या पावडरची. "रबराला हात लावला की डब डब करून ही फिरवायचीच. कारखान्यात जन्म गेला. आपण फिरवली हे त्यांना कळायचंसुद्धा नाही." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे... तुला बोलले नाहीत ते? अगं, तुझ्या दुकानात कपडे पडले ते या पावडरीमुळेच. ताज्या थरावर सवयीने पावडर फिरवली आणि तशीच पिशवी तुझ्याकडे दिली."

"त्यांना कधी कळलं हे?"

"त्याच आठवड्यात. मीच बघितलं हात फिरताना, मीच बोलले."

त्याच आठवड्यात! म्हणजे बारशाच्या दिवशी त्या खुर्चीवर बसून त्यांना सगळं माहीत होतं. मी ताईवर एवढी ओरडले की शेजारची बाई दारात आली. नवरा जाऊन महिना नाही झालेला त्या बाईवर मी ओरडत होते, आणि ती बिचारी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुला सांगायलाच जायचे गं. घरातून निघताना म्हणायचे, आज वंदूला सांगून टाकतो. आले की मी विचारायची, सांगितलं? तर म्हणायचे, क्लिपा पुसून आलो."



पण मी काही एवढ्यावर विश्वास ठेवणारी नाही. नवऱ्याच्या माघारी त्याची बाजू सावरायला बायका काय वाटेल ते रचतात, आणि आमची ताई तर पहिल्यापासून सावरणारीच. मला शंका घ्यायला शिकवलं कोणी? ती पँट, तो हँगर आणि ती पुरचुंडी मी ताईकडून मागून घेतली. दुकानात आले. पुरचुंडी दोन्ही क्लिपांच्या तोंडांवर फिरवली, डब डब. पँट लावली, पंखा लावला. पँट सुळकन खाली. मी ती उचलली, झटकली, माठापाशी जाऊन रुमाल ओला केला, क्लिपा पुसल्या, कोरड्या होऊ दिल्या, परत लावली. पंखा पूर्ण वाढवला. पँटचे पाय हवेत नाचत होते, पण क्लिपा तसूभर हलल्या नाहीत. मी त्या पँटीसमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, "पुसून काय उपयोग, भावोजी? बोलायचं होतं!" आणि मग मला रडू आलं. मांडवातल्या त्या चपलांनंतर या माणसापायी मी इतकी कधी रडले नव्हते. आता भांडायचं कोणाशी?

पँट तिथेच आहे, दर्शनी खुंटीला. पिवळी क्लिप एक, पोपटी एक. गिऱ्हाईक विचारतं, ही कोणाची, न्यायला आलं नाही का कोणी? मी म्हणते, राहू दे, तिला काय घाई आहे. सकाळी माठातलं पाणी घेऊन क्लिपांवरून रुमाल फिरवते. आणि संध्याकाळी शटर ओढायच्या आधी, रोज, त्या पँटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "चावी माझ्याकडे आहे हं."