अण्णाच्या डाव्या हाताला

महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात मीटिंग चालू असताना बाबांचा फोन आला. "वसू उठत नाहीये," एवढंच म्हणाले. मी मल्लेश्वरमच्या घरी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. बाबा आत्याच्या पायाशी बसले होते. मला पाहून म्हणाले, "शनिवारी कार्यक्रम आहे गं आमचा..." महिना उलटला, ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

वसुधाआत्या व्हायोलिन वाजवायची. बेळगावहून इथे आलेलं आमचं घर हिंदुस्थानी संगीताने वेडावलेलं. आत्या फ्रॉकात होती तेव्हाच आजोबांनी तिला शिकवायला घेतलं. रियाझ संपेपर्यंत ते खोलीला बाहेरून कडी लावायचे. "पुढे कडी काढली तरी मी बाहेर येत नसे, इतकी गोडी लागली," आत्या हसत सांगायची. विशीत तिचे स्वतंत्र कार्यक्रम होऊ लागले. धारवाडला, पुण्याला लोक खास तिला ऐकायला येत. मग आजोबा गेले, आणि त्याच सुमारास बाबांच्या गाण्याला साथ करणारा पेटीवाला गाव सोडून गेला. "एवढा मोसम बस माझ्याबरोबर," बाबा बहिणीला म्हणाले. ती त्यांच्या डाव्या हाताला बसली. तो मोसम संपलाच नाही. कोणी तिला एकटीला बोलावलं की नेमकी बाबांची तारीख असायची. बाबा वाईट नव्हते. तिला हेच आवडतं, असं त्यांना खरंच वाटायचं.

मागच्या वर्षी ऐन कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाबांचा घसा बसला. आयोजक म्हणाले, "अक्का, तुम्हीच वाजवा." तिने मारवा घेतला. प्रत्येक आलापानंतर ती क्षणभर थांबत होती... लोकांना ते थांबणं फार भावलं. परतताना ऑटोत मी कौतुक करत होते आणि ती बाहेर बघत होती.

"मुद्दाम नव्हते गं थांबत," ती म्हणाली. "अण्णाची वाट बघत होते. तो गाईल, मग मी वाजवीन... पुढचं माझं मला सुचतच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती बाबांना म्हणाली, "अण्णा, साथीला आता दुसरं कोणी बघ. मला माझं वाजवायचंय."

"सरी, सरी, ठीक आहे, बघू," बाबा म्हणाले, आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगून मोकळे झाले. ती साथीला गेलीही. पण दुपारी बाबा झोपले की खोलीच्या मधोमध चटई टाकून ती एकटी मारवा वाजवू लागली. रविवारी गेले की मी दाराबाहेरून ऐकायचे. मधली थांबणी आखूड होत चालली होती. "जमतंय स्वल्प," ती म्हणायची. एका लहानशा संगीतसभेला तिने एकटीने वाजवायचं कबूलही केलं होतं. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं... सांत्वनाला आलेल्या आयोजकांकडून त्यांना ते कळलं.

चटई कोणी उचललेली नाही. परवा दुपारी गेले तर खोलीचं दार उघडं होतं. बाबा आत होते, चटईच्या कडेला, साथीदार बसतो तिथे, नुसत्या फरशीवर. तंबोरा लावलेला होता. ते गात नव्हते. मी चहाचं विचारलं, तर त्यांनी हातानेच थांब म्हटलं.