आयलीच्या बुटाचं टेकण

ऑनी कांगास माझे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, आयलीचे, यजमान. चाळीस हिवाळे त्यांनी रस्त्यावरचं बर्फ ढकलणारी सरकारी गाडी चालवली. लेक सुपिरियरच्या काठावर आमच्याकडे बर्फ छातीएवढं साचतं, त्यामुळे अख्खा तालुका त्यांना ओळखायचा. आणि अख्ख्या तालुक्याशी मिळून ते चाळीस वर्षांत एखादा तासभर बोलले असतील. आम्ही फिनलंडहून अमेरिकेत आलेल्यांची पोरं तशी मुकीच, पण दाजी त्यातही पहिल्या नंबरचे. मागणी घालायला आले तेव्हा बाबांसमोर पाऊण तास बसले, तीन कप कॉफी प्यायले आणि म्हणाले, "आयलीबद्दल आलोय." बाबा म्हणाले, "बरं." एवढ्यावर लग्न जमलं.

धनुष्याचा विषय निघाला की मात्र हा माणूस बोलायचा. हिकरीच्या लाकडाचं धनुष्य त्यांनी स्वतःच्या हाताने तासलं होतं. गावातले बाकीचे शिकारी एव्हाना चाकं लावलेल्या धनुष्यांकडे वळले होते. ती बघून दाजी म्हणायचे, "धनुष्य आहे की शिवणयंत्र? त्यावर बायकोचा झगा शिवा म्हणावं." मी सतरा वर्षांची असताना त्यांनी मला दोरी ओढायला शिकवलं. आयलीला शिकारीत रस नव्हता. तिला मांस शिजवण्यात रस होता.

दाजींचा एक नियम होता, आणि तो त्यांनी त्यांच्याबरोबर शिकारीला जाणाऱ्या आम्हा पाचसहा जणांच्या गळ्यात मारला होता. हरीण जखमी केलं आणि ते सापडलं नाही, तर त्या मोसमापुरतं धनुष्य खुंटीला. कारणं सांगायची नाहीत. मी एकोणीस वर्षांची असताना माझ्या हातून एक मादी अशी गेली. मी रडले, आयलीने माझी रदबदली केली, पण दाजींनी माझं धनुष्य काढून घेतलं ते पुढच्या ऑक्टोबरलाच परत दिलं. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. पण तेव्हापासून मी एकही बाण अंदाजाने सोडला नाही, हेही खरं.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात आयली कर्करोगाने गेली. बर्फ वितळायच्या सुमाराला दाजींचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. दाजींनी ते एकदाच उच्चारलं, मुलीला फोनवर सांगताना. त्यांची मुलगी कारिन डेट्रॉइटला असते. तिचं म्हणणं, बाबांनी एकटं राहू नये, तालुक्याच्या वृद्धाश्रमात जावं. ती वाईट नाही; बापाला सहाशे मैलांवरून सांभाळायचं म्हणजे दुसरं काय सुचणार? दाजींनी तिच्याशी सौदा केला. "ऑक्टोबरात माझ्या धनुष्याने हरीण आणलं, तर हात अजून माझा आहे. मग मी या घरात राहणार. नाही आणलं, तर तू म्हणशील तिथे जाईन, कुरकूर करणार नाही." कारिन कबूल झाली. तिला वाटलं असणार, हा सौदा आपण जिंकल्यातच जमा आहे.

ऑगस्टमध्ये मी त्यांना अंगणात गवताच्या पेंढीवर बाण मारताना बघितलं. पंधरा पावलांवरून बाण अजून जिथे लागायला हवा तिथेच लागत होता. एकदा दोरी पूर्ण ओढली की थरथर जणू विसरली जायची. पण ओढायच्या आधी, धनुष्य उचलताना, बाण मुठीवर खडखडत होता. टिक टिक टिक. दाजींना ते ऐकू येत नव्हतं. बर्फाच्या गाडीच्या इंजिनाने त्यांचे कान कधीच खाल्ले होते.

"दाजी, बाण वाजतोय."

"कुठे वाजतोय?"

"टेकणावर. हरणाला दुसऱ्या रानातून ऐकू जाईल."

"तुझ्या तोंडाचा आवाज असेल," ते म्हणाले. पण त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं.

टेकण म्हणजे मुठीच्या वरच्या कडेला चिकटवलेला टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा, ज्यावर बाण सुटेपर्यंत टेकलेला असतो. दाजींच्या धनुष्यावर वीस वर्षं एकच टेकण होतं, पातळ वासराच्या कातड्याचं. ते झिजून लाकूड दिसायला लागलं होतं. बदलायला हवंच होतं. प्रश्न एवढाच, काय लावायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही सगळे नमुने मांडून बसलो. मी वेलचीचा निसू पाव भाजून नेला होता. दुकानातून आणलेलं प्लास्टिकचं टेकण दाजींनी नखाने टिचकावलं आणि बाजूला सारलं. थंडीत ते आणखी वाजतं. टर्कीच्या पंखाच्या पिसांचं टेकण होतं. ते मऊ, मुकं, पण पावसात भिजलं की चोळामोळा, आणि आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊसच. वासराचं कातडं होतं, केसांसकट, पहिल्यासारखंच. मी म्हटलं, "हे घ्या. याच्या खाली आगकाडी घालते, म्हणजे बाण एकाच ठिकाणी टेकेल. हाताला सवयीचं आहे."

दाजी उठले, आतल्या खोलीत गेले आणि आयलीचा हिवाळी बूट घेऊन आले. आतला लोकरीचा जाड करडा नमदा त्यांनी बोटांनी चाचपला. "हा कधीच वाजला नाही," ते म्हणाले. "पहाटे पाचला ती गायीची धार काढायला जायची, मला कधी जाग आली नाही."

"जाड आहे, दाजी."

"असू दे."

"बाण वर उचलला जाईल. मग दोरीवरची गाठही वर घ्यावी लागेल."

"मग घे वर. तुला काय मी आज शिकवायचं?"

बाणाचं शेपूट दोरीवर दोऱ्याच्या एका गाठीखाली बसतं. टेकण जेवढं उंच, तेवढी गाठ उंच. नाहीतर बाण सुटताना त्याचं शेपूट टेकणावर आपटतं आणि तो वर उसळतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. आणि त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं, की हा माणूस टेकण निवडत नाहीये, आयलीला बरोबर न्यायचं बघतोय. मी कशी नाही म्हणणार होते?

त्यांचा हात सरस लावण्याच्या कामाचा उरला नव्हता, म्हणून धनुष्य मी घरी आणलं. नमद्याचा तुकडा कापला, चिकटवला, रात्रभर सुकू दिला. गाठ दुसऱ्या दिवशी बाण मारून बघून, जागा ठरवून मगच बांधायची, असं मी ठरवलं; तीच रीत आहे. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. मी ज्या हार्डवेअरच्या दुकानात काम करते तिथे शिकारीच्या मोसमाची गर्दी होती. संध्याकाळी दमूनभागून घरी आले. अंगणात जाऊन भिजायचा कंटाळा आला. खरं सांगायचं तर दुसरं कुठलंही कारण नव्हतं. मला कंटाळा आला. नमदा दाबला की बसतोच की, असं मी मनाची समजूत घातली आणि धनुष्य दाजींकडे नेऊन दिलं.

त्यांनी ते खिडकीशी धरून बघितलं. म्हातारपणाने जवळचं दिसेनासं झालेलं, दोरीवरचा दोरा त्यांना काय दिसणार.

"मारून बघितलास?"

"बघितले."

"किती?"

"तीन. तिन्ही एका मुठीत बसले," मी म्हटलं.

ते समाधानाने हसले. त्यांनी स्वतः मारून बघितलं असतं, पण हाताला दिवसाकाठी चारपाच ओढीच जमायच्या, आणि त्या त्यांना दुसऱ्या दिवसासाठी, मोसमाच्या पहिल्या सकाळीसाठी, राखून ठेवायच्या होत्या. माझ्या शब्दावर त्यांनी त्या राखून ठेवल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या सकाळी मी त्यांच्यापासून साठएक पावलांवर, देवदाराच्या बुंध्याला टेकून बसले होते. उजाडून तास झाला असेल. पाऊस थांबला होता. एक तरुण नर खाली मान घालून चरत चरत आला आणि दाजींच्या समोर, पंधरा पावलांवर, आडवा उभा राहिला. याहून सोपा नेम देवाकडे मागितला तरी मिळाला नसता. दाजींनी धनुष्य उचललं. मी कान टवकारले. एवढासाही आवाज आला नाही. टेकण मुकं होतं. निवड अगदी बरोबर होती. त्यांनी दोरी ओढली, हात स्थिर झाला, बाण सुटला.

बाण शेपटी हलवत, नाक वर करून गेला. पुढच्या पायामागे लागायचा तो वीतभर वर, पाठीच्या कण्याखाली लागला. नर दोन उड्यांत दिसेनासा झाला.

दिवसभर आम्ही शोधत होतो. रक्ताच्या प्रत्येक थेंबाशी कागदाचा कपटा टाकत पुढे सरकत होतो. अकरा कपटे झाले आणि रक्त संपलं. अर्धा मोडलेला बाण सापडला. पुढे दलदल. दाजी गुडघ्यांवर रांगत पानं उलटून बघत होते. अंधार पडायला लागला तेव्हा ते एका पडलेल्या झाडावर बसले आणि डावा हात मांडीवर ठेवून म्हणाले, "गेला, सेल्मा. हात गेला."

मी म्हटलं, "उद्या परत बघू, दाजी." दुसऱ्या दिवशीही बघितलं. काही मिळालं नाही.

नियमाप्रमाणे धनुष्य खुंटीला लागलं. त्यांच्यासाठी मोसम असा एकच उरलेला होता. कारिनला त्यांनी स्वतः फोन केला. थोड्याच दिवसांत त्यांनी गाडी चालवणं सोडलं. "ज्या हाताचा भरवसा नाही, त्याच्यात चाक कसं देऊ?" लाकडं फोडणं सोडलं, शनिवारच्या वाफेच्या आंघोळीसाठी सौना तापवणं सोडलं. शर्टाची बटणंही लावेनात, नुसतं वरून स्वेटर. हात थरथरत होता त्याहून कितीतरी जास्त त्यांनी त्याला सोडून दिलं होतं. डिसेंबरात घर विकायला काढून ते वृद्धाश्रमात गेले, आणि जाताना धनुष्य माझ्याकडे दिलं.

मी अंगणात बर्फात उभी राहून त्यावरून एक बाण मारला. तो वर उसळला. दुसरा मारला, तोही तसाच. मग मी दोरीकडे बघितलं. गाठ जुन्याच जागी, टेकण दोन नाण्यांच्या जाडीएवढं उंच. मी तिथेच बर्फात बसले.

लगेच गाडी काढून जायला हवं होतं. घराला अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. पण मला तीन बाण आणि एक मूठ आठवत होती. काय सांगू, विसरले म्हणून? मी विसरले नव्हते, मी खोटं बोलले होते. उद्या जाईन म्हणत आठवडे गेले. वसंतात घर विकलं गेलं. मग वाटलं, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे. दर रविवारी मी त्यांना भेटायला जायची, निसू न्यायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची आणि परत यायची. माझं स्वतःचं धनुष्य मी खुंटीला लावलं होतं. त्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शेवटी दुसऱ्या ऑक्टोबरात सांगितलं. धीटपणा आला म्हणून नव्हे. आता ते घास स्वतःच्या हाताने घेऊ शकत नव्हते आणि मी भरवत होते. भरवता भरवता ते म्हणाले, "माफ कर, सेल्मा, हा हात फार लवकर गेला." ते मला ऐकवलं नाही.

"दाजी, तेव्हा नमदा जाड होता. गाठ वर घ्यायची राहिली. मी बाण मारून बघितलाच नव्हता."

ते माझ्याकडे बघत राहिले. ऐकू गेलं नाही असं वाटून मी परत, मोठ्याने सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही ऐकलं असेल.

"तीन मारले म्हणालीस."

"खोटं बोलले."

"जाड किती?"

"दोन नाणी."

त्यांनी डोळे मिटले. मनात बाण मारून बघत असावेत. "म्हणजे पंधरा पावलांवर वीतभर वर."

"हो."

"तिथेच लागला तो."

"हो, दाजी. हात बरोबर होता."

मला वाटलं, ते चिडतील. मला ते हवंच होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी मान वळवली आणि पांघरुणावर पडलेल्या डाव्या हाताकडे, विनाकारण चोर ठरवलेल्या माणसाकडे बघावं तसं, कितीतरी वेळ बघितलं. आता तो हात खरोखरच गेलेला होता.

"सेल्मा," ते म्हणाले, "मी घर विकलं गं."

मी म्हटलं, "हो, दाजी."