बाजा जरा खाली

आवाज आणि बाजा एकत्र करून गाणं बांधून झालं की भाऊ खुर्चीवरून उठायचे, कोपरा फुटलेला एक जुना डेक काखेत मारायचे आणि थेट स्वयंपाकघरात जायचे. वहिनी पोळ्या करत असायच्या, कुकर शिट्ट्या देत असायचा. डेक ओट्यावर ठेवून भाऊ गाणं लावायचे आणि विचारायचे, "काय म्हणून राहिली वं थे?" गाणं कसं झालं, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. गाणारी काय म्हणते आहे, एवढंच विचारायचे. लाटणं न थांबवता वहिनींनी ओळ सांगितली, की गाणं पास.

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, तलावामागच्या एका गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. गल्लीतून स्कूटर गेली की रेकॉर्डिंग थांबायचं, आणि भाऊ डोळे मिटून स्कूटरवाल्याच्या सात पिढ्यांचा मनात उद्धार करायचे. राज्य नुकतंच नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि छत्तीसगढ़ी अल्बमांचं पेव फुटलं होतं. मी दिवसा सरकारी दफ्तरात फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेत असे आणि संध्याकाळी भाऊंकडे बेंजो वाजवत असे. म्हणजे या हकिकतीत मी आवाज दाबणाऱ्या पक्षाचा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा बाजा म्हणजे बेंजो, ढोल, पॅड आणि झांज. वरातीत वाजवणारी माणसं आम्ही, हळू वाजवणं आम्हाला अपमानासारखं वाटायचं. "तुम्ही लोक वाजवून राहिले का भांडून राहिले?" भाऊ काचेपलीकडून विचारायचे. मला खास वेगळी सूचना असे. "बाई गाऊन राहिली न बाप्पा? मग बेंजोनं तोंड बंद ठेवाव." भाऊंचे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून इथे आलेले. भाऊंचा जन्म इथलाच, पण चिडले की अस्सल वऱ्हाडी व्हायचे.

भाऊंना विरोध असे तो सेठचा. अल्बमला पैसा लावणारा तो. त्याचं म्हणणं सरळ होतं, लोक मांडवात नाचायला येतात, ऐकायला नाही. "भैया, बाजा थोड़ा और," एवढंच तो बोलायचा, पण दर वेळी बोलायचा.

एका नवरात्राच्या आधी सेठनं एका बाईंना आणलं. सिलतऱ्याच्या पलीकडच्या गावातल्या, चाळिशीच्या. गावात देवीची जसगीतं त्याच म्हणायच्या, पण स्टुडिओ पहिल्यांदाच पाहत होत्या. आवाज जाड, जरासा बसका. एकदा ऐकला की दुसऱ्या कोणाचा म्हणून चालायचा नाही. फक्त अडचण अशी, की तो खालच्या पट्टीतला, आणि आमचा ढोल नेमका तिथेच ठाण मांडून बसलेला.  पहिली ओळ ऐकून भाऊंनी उठून स्वतः बाईंना पाणी दिलं. असं ते कोणासाठी करत नसत.

मग रोजची ओढाताण सुरू झाली. सेठ यायचा, बाजा थोडा वर चढायचा. भाऊ डेक घेऊन स्वयंपाकघरात जायचे, वहिनी ओळ सांगायच्या. पास. दुसऱ्या दिवशी सेठ परत, बाजा आणखी वर. वहिनी पुन्हा बरोबर. आवाज टिकून आहे म्हणून भाऊ निश्चिंत, बाजा वाढतोय म्हणून सेठ खूश. मी तर खूश होतोच.

अल्बम दणकून चालला. वेष्टनावर देवीचं चित्र आणि आत कुठेतरी बारीक अक्षरात बाईंचं नाव. अष्टमीला बाई शहरात आल्या, तेव्हा भाऊ त्यांना एका मोठ्या मांडवात घेऊन गेले. मीही होतो. भोंग्यांवर त्यांचंच गाणं लागलं होतं आणि पोट्टे घामाघूम होऊन नाचत होते. बाई गर्दीच्या कडेला मान तिरपी करून ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर भाऊंकडे वळून म्हणाल्या, "बाजा त बने बाजत हे, भइया. फेर मैं कहाँ हंव?"

बाजा छान वाजतोय, पण मी कुठे आहे? तक्रारीचा सूर नव्हता. गर्दीत हरवलेलं माणूस विचारतं, तसं त्या विचारत होत्या.

 घरी आल्यावर भाऊ वहिनींना म्हणाले, "तुले तर सारे शब्द ऐकू येत होते न वं?" वहिनी म्हणाल्या, "इतक्या दिवसापासून भिंतीपलीकडून तेच ऐकून राहिली मी. मले पाठ झालं होतं."

बघा कसं असतं. शब्द पाठ असले की ते ऐकू येतातच, मग कोणी म्हणो वा न म्हणो. वहिनींचं तसं, आमचं तसं आणि भाऊंचंही तसंच झालं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला बाई ऐकू येत होत्या, कारण त्या आमच्या डोक्यातच बसल्या होत्या. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्यांची दया आली आणि थोडं हसूही आलं, दोन्ही खरं आहे.

त्यानंतर वहिनींची परीक्षकाची नोकरी गेली. भाऊ गल्लीतून अनोळखी माणसं पकडून आणू लागले. भाजीवाली, पोस्टमन, पत्ता विचारायला थांबलेला कोणी. त्याला डेकसमोर बसवून, "बताओ, क्या बोल रही है?" भाजीवालीनं एकदा घाबरून सांगितलं, "मैं कुछु नइ करे हंव, साहब."

बाईंचं गाणं भाऊंनी पुन्हा बांधलं. आवाज वर, आम्ही खाली. मग निरोप पाठवून बाईंना बोलावलं. गाणं सुरू झालं आणि बाईंनी पदर तोंडाला लावला. श्वास घेतलेला ऐकू येत होता, एका जागी आवाज किंचित फाटत होता, तोही. "थोरकिन कम कर देव, भइया. लाज लागथे."

भाऊंनी मान डोलावली आणि एक बटण अगदी हळू, फार विचार केल्यासारखं फिरवलं. ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. बाईंनी पुन्हा ऐकलं. "हव, अब ठीक हे." भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सेठनं ते गाणं घेतलं नाही. "जो बिक रहा है, उसको काहे छेड़ना?" म्हणाला, आणि पुढच्या अल्बमला दुसऱ्या स्टुडिओत गेला. मग भाऊंनी स्वतःच सीड्या काढल्या आणि ऑटोवाल्यांना, चहाच्या टपरीवर, नाक्यावरच्या पानवाल्याला फुकट वाटल्या. बाजा कमी आहे म्हणून लोकांनी नावं ठेवली. पण फुकटची सीडी कोण टाकतो? वाजत राहिली.

पुढे काम आटलं. मुलगा शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरमध्ये नोकरीला लागला, तो भाऊंना तिकडे घेऊन गेला. पंधरवड्यात परत आले. "मोठे मोठे रस्ते, अन् कोणी बोलूनच नाही राहिलं," म्हणाले. त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. एका दुपारी छातीत दुखलं आणि संपलं. मला फार जड गेलं ते. अजूनही जातं.

तेरवीच्या दिवशी पत्रावळी कमी पडल्या, म्हणून मी नाक्यावर आलो होतो. पानवाल्यापाशी एक बाई उभी होती, हातात कापडी पिशवी. कोणत्याशा कामाला बऱ्याच वर्षांनी शहरात आली होती, गल्ल्या आता ओळखू येत नव्हत्या. "स्टूडियो वाले भइया के घर कते कोती हे?" घर कुठल्या बाजूला, असं तिनं विचारलं.

पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबला. त्यानं त्या बाईला कधी पाहिलेलं नव्हतं. "दीदी," तो म्हणाला, "वो माता वाला गाना... आप ही गाए हो क्या?"

बाईंनी पदर सावरला. चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "हव," त्या म्हणाल्या, आणि मग पानवाल्यानं गल्लीकडे हात करताच, तो पुढचं काही सांगायच्या आत, भरभर निघाल्या. मला ओळखून, आधी भाऊंना सांगायच्या घाईत, जाता जाताच म्हणाल्या, "पहिली भइया ला बतावत हंव."

माझ्या दोन्ही हातांत पत्रावळी होत्या. मी त्यांच्या मागे चालत राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.